आडवा आठ

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी कॉम्प्युटरनं चिंतामणगुरुजींना कळवलं, की देवासच्या सिंधुबाईंच्या वडिलांची सही तीन तास पंचवीस मिनिटांत पोचेल. सिंधुबाई स्वतः अकरा वाजता पोचणार होत्या. म्हणजे बाई आधी येणार, सही मागाहून येणार, आणि मधला अर्धा तास गुरुजींनी कुणाकडं बघायचं हा प्रश्न शिल्लक राहणार.

बरं, ही सही देवासहून यायची नव्हती. समोरच्या दारातून यायची होती. पंचवटीतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डावीकडं चिंतामणगुरुजी राहतात आणि उजवीकडं त्यांचे चुलतभाऊ रंगनाथगुरुजी. मध्ये चार फुटांची मोकळी जागा. पण ते चार फूट ओलांडायला सही आधी केबलवाल्याकडं, तिथून मुंबईला आणि तिथून परत नाशिकला अशी प्रदक्षिणा घालत येत होती. कारण गेली सहा वर्षं या दोन दारांमध्ये संक्रांतीचं वाण सोडलं तर दुसरं काही इकडून तिकडं गेलेलं नव्हतं. वाण जायचं, कारण पुरुषांचा अबोला आहे म्हणून संक्रांत थांबत नाही, असं चिंतामणगुरुजींच्या पत्नी सुधाकाकूंचं मत होतं.

अबोला पाटीवरून होता. जिन्यात दोघांची मिळून 'तीर्थोपाध्याय' अशी एक पाटी लावायची ठरली होती. रंगनाथ वयानं एकोणीस दिवसांनी मोठे, तर चिंतामण थोरल्या पातीचे. आधी नाव कोणाचं, या मुद्द्यावर ती पाटी अजून रंगाऱ्याकडं पडून आहे. मध्यंतरी तो रंगारी निवृत्त झाला.

आता सहीचं. तीर्थोपाध्यायाच्या घरात नामावळीच्या वह्या असतात. यात्रेकरू आला की गाव आणि आडनाव सांगतो, गुरुजी लाल बासनातून लांबट वही काढतात आणि त्याच्या पणजोबांची सही त्याच्यापुढं ठेवतात. ज्याच्या वहीत पूर्वजांची सही, त्याचा तो यजमान. याला वकील लागत नाही. पण वही दाखवता आली पाहिजे. नाही दाखवता आली, तर यजमान नमस्कार करून निघून जातो, आणि सात पिढ्यांचं नातं रामकुंडाच्या पायऱ्यांवर संपतं.

आणि वह्या तर घरात नव्हत्या. दोन्ही घरांच्या सामाईक कपाटाला वाळवी लागली, तेव्हा सगळ्या वह्या औषधाच्या धुरीसाठी ग्रंथ जतन करणाऱ्या एका कार्यालयात द्याव्या लागल्या. तिथं त्या एकवीस दिवस सीलबंद राहणार होत्या. आज तेरावा दिवस होता. वह्या देण्यापूर्वी पुतण्या शौनकनं दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येऊन पानन् पान स्कॅन केलं होतं. तो दोघांचाही सारखाच पुतण्या. सगळं मिळून चौऱ्याऐंशी जीबी झालं. ते दोन्ही काकांना द्यायचं तर डिस्कमध्ये भरून देता आलं असतं, पण डिस्क पहिल्यांदा कोणाच्या हातात ठेवायची? शौनकनं जिन्यात उभं राहून दोन्ही दारांकडं पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखा पुण्याला जाऊन टॉरेंट लावलं.

"काका, हे अंगतपंगतीसारखं आहे," त्यानं दोघांनाही वेगवेगळा फोन करून एकाच शब्दांत समजावलं होतं. "फायलीचे तुकडे होतात. ज्याच्या डब्यात जो तुकडा, त्यानं तो दुसऱ्याच्या पानात वाढायचा. एकाच वेळी दोघांना मिळेल. पहिला मान, दुसरा मान असलं काही नाही."

दोन दिवसांत चिंतामणगुरुजींकडं एकसष्ट टक्के पोचलं आणि रंगनाथगुरुजींकडं अठ्ठावन्न. दोघांत मिळून सगळी पानं आली एवढं बघून शौनकनं तो लॅपटॉप जुन्या कंपनीला परत केला, कारण त्यानं नोकरी बदलली होती. राहिलेलं दोघे काका एकमेकांना देतील असं त्यानं गृहीत धरलं. मुलगा एम.टेक. होता, पण घराण्याचा अभ्यास कच्चा.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्तीभाऊ खाली आले होते. हे मूळचे दिंडोरीचे. द्राक्षबाग भावाकडं सोपवून ते इथं फ्लॅट घेऊन राहतात आणि इमारतीतल्या प्रत्येक घराला सल्ला देतात. कॉम्प्युटरकडं पाहून ते म्हणाले, "गुरुजी, हे अपलोड पहिलं बंद करा. लय बेकार काम हाय. आमच्याकडं पाइपलाइनचं असंच व्हतं. शेजाऱ्याला एकदा व्हॉल्व्ह उघडून दिला, की आपल्या बागेला पाणी नाय. घ्यायचं तेवढं घ्या, द्यायचं नाय."

चिंतामणगुरुजींना हे शास्त्रशुद्ध वाटलं. ज्या रंगनाथानं त्यांचं नाव पाटीवर खाली टाकायला निघावं, त्याला आपण होऊन वह्या वाढायच्या? त्यांनी चष्मा पुसला, सेटिंग उघडलं, अपलोडची मर्यादा किती असं विचारणाऱ्या चौकटीत शून्य टाकला आणि बटण दाबलं. शून्य गेला आणि त्या जागी आठचा आकडा आडवा पडलेला दिसला. गुरुजींनी तो नीट न्याहाळला. बंद पडलेल्या गोष्टी आडव्या होतात हा त्यांचा अनुभव होता.

"झालं," ते सुधाकाकूंना म्हणाले. "एक अक्षर जाणार नाही त्याला."

सुधाकाकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, आठ पाहिला, आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

तेव्हापासून बारा दिवस गुरुजींचा आकडा एकसष्टवर होता. हलत होता, नाही असं नाही. पलीकडून सेकंदाला एक केबी येत होतं. तीर्थ देतात तसं पळीपळीनं. उरलेला वेळ एक वर्ष सतरा दिवस, असं कॉम्प्युटर सांगत होता. रंगनाथ मुद्दाम पळीनं देतोय हे गुरुजींना स्वच्छ दिसत होतं, आणि त्यामुळं आपण शून्य ठेवला याचं समाधानही होत होतं. त्यांनी चष्म्याच्या सोयीसाठी अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती, की पडद्यावर फक्त 'घेतलेलं' दिसे. 'दिलेलं' हा रकाना उजवीकडं कडेच्या बाहेर गेला होता. तो त्यांनी कधी पाहिला नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं.

काल दुपारी सिंधुबाईंचा फोन आला. वय ब्याऐंशी. वडिलांच्या नावानं पिंडदान करायचं आहे, आणि त्याआधी त्यांच्या हातचं लिहिलेलं बघायचं आहे. "गुरुजी, मी चार वर्षांची होते तेव्हा वडील मला घेऊन नाशिकला आले होते. परतल्यावर दोन महिन्यांतच गेले. घरात फोटो नाही, कागद नाही. तुमच्याच वहीत काय असेल ते. माझे डोळे आता जायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, सहा महिने धरा."

यावर साधं 'बघतो' म्हणून भागलं असतं. पण चिंतामणगुरुजी म्हणाले, "आई, काळजीच करू नका. आमचं सगळं आता कॉम्प्युटरवर आहे. एका मिनिटात दाखवतो." एकसष्ट टक्क्यांत देवासची सातवी वही असणारच अशी त्यांची खात्री होती. थोरल्या पातीची वही ती, धाकट्याकडं जाईलच कशी.

सकाळी पूजा आटोपून त्यांनी सातवी वही उघडली, तर दोनशे बारावं पान उघडेना. बाकी वही बरीचशी आली होती. नेमकं तेच पान रंगनाथाच्या डब्यात राहिलं होतं.

त्यांनी शौनकला फोन लावला. तो नव्या कंपनीत होता आणि दबक्या आवाजात बोलत होता. त्याच्या सांगण्यावरून गुरुजींनी त्या एका पानावर उंदीर नेला, उजवं बटण दाबलं आणि 'सर्वांत आधी' अशा अर्थाचं काहीतरी निवडलं. पान बारा एमबीचं होतं. तीन तास पंचवीस मिनिटं.

"काका, पलीकडून एक केबीच येतंय. रंगाकाकांनी लिमिट लावलेलं दिसतंय. तुमचं अपलोड किती आहे?"

"शून्य," गुरुजी ताठ मानेनं म्हणाले.

"शून्य ना? मग तुमच्याकडून काहीच अडचण नाही. छान केलंत."

पोरगा आपल्या बाजूचा आहे हे गुरुजींना पहिल्यांदाच कळलं, आणि त्या धावपळीतही त्यांना जरा बरं वाटलं.

"तुम्ही फक्त समोर जाऊन रंगाकाकांना लिमिट काढायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे."

"ते सोडून बोल."

मग शौनकनंच रंगनाथगुरुजींना फोन केला. तो बंद होता. रंगनाथगुरुजी रामकुंडावर होते, आणि सकाळची कामं होईपर्यंत फोन पिशवीतून काढायचा नाही हा त्यांचा नेम होता. घरी त्यांची सून अपूर्वा असते, पण ती शाळेत शिकवायला गेली होती. म्हणजे समोरच्या कुलूपबंद घरात एक लॅपटॉप एकटाच बसून पळीपळीनं तीर्थ देत होता.

साडेआठला बारा टक्के झालं नव्हतं तोच गुरुजींनी केबलवाल्याला फोन केला. वेग वाढवा म्हणाले. तिथल्या मुलीनं तक्रार लिहून घेतली. सव्वानऊला मोबाइलवर निरोप आला, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या मिटवण्यात आली आहे. त्यांनी आनंदानं पडद्याकडं पाहिलं. एक केबी. पुन्हा फोन केला, तर मिटलेली तक्रार पुन्हा उघडायची असेल तर अठ्ठेचाळीस तास थांबावं लागतं असं कळलं.

दहा वाजता ग्रंथ जतन कार्यालय उघडलं. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सील मुदतीआधी उघडायचं तर तीन प्रतींत अर्ज लागेल."

"आत्ता घेऊन येतो."

"अर्जावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतील. रंगनाथ आणि चिंतामण. आमच्याकडं नोंद त्याच क्रमानं आहे."

"त्या क्रमानं का?"

"अकारविल्हे लावलं असतं तर तुमचं आधी आलं असतं," गृहस्थ म्हणाले. "पण ते म्हणाले, ते एकोणीस दिवसांनी मोठे आहेत."

गुरुजींनी फोन ठेवला. एका सहीसाठी आता दोन सह्या लागत होत्या, आणि त्यातली एक समोरच्या दारातली होती. पाणी कुठूनही सोडलं तरी उतार तिकडंच होता. त्यांचे कान लाल झाले. सुधाकाकूंनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"अहो, रामकुंडावर जाऊन या ना. भावोजी तिथंच असतील."

"सगळ्या घाटासमोर त्याच्याकडं पान मागू? पन्नास जण बघतील."

"मग एकटे भेटतील तेव्हा मागा."

"मी मागणारच नाही. येतंय पान."

सव्वादहाला त्रेसष्ट टक्के झालं होतं. उशीर होणार होता, पण गुरुजींनी मनाशी योजना आखली होती. बाई आल्या की चहा, मग कुळाची माहिती, मग थोडं तीर्थमाहात्म्य. अर्धा तास काढता येतो. आजवर त्यांनी तीर्थमाहात्म्यावर दीड दीड तास काढले होते. आणि मग निवृत्तीभाऊ आले.

"एक केबी?" ते पडद्यावर वाकले. "गुरुजी, कनेक्शनच कमी ठेवलेत तुम्ही. शंभर हायेत. सरका जरा."

"निवृत्तीभाऊ, हात नका लावू. चाललंय ते चालू द्या."

"नुसतं बघतो," असं म्हणता म्हणता त्यांनी कनेक्शनच्या चौकटीत शंभरचे पाच हजार केले. जगात ही फाइल मागणारं एकच माणूस होतं आणि देणारं एकच, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग त्यांनी पोर्ट नावाच्या ठिकाणचा आकडा बदलला, कारण तो त्यांना अशुभ वाटला. मग फाइल 'नीट हाय का' ते बघायला आणखी एक बटण दाबलं. कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या पांढऱ्या डबीचा हिरवा दिवा तांबडा झाला, आणि पडद्यावर पान येणं थांबून 'तपासणी चालू' असं काहीतरी सुरू झालं. एक टक्का. दोन टक्के.

गुरुजी इतके गप्प झाले, की निवृत्तीभाऊंना वर गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

कॉम्प्युटर एक्कावन्न जीबी तपासत बसला. कोणतं पान खरं, कोणतं खोटं, याची जणू चौकशी समिती नेमली होती. गुरुजींनी पांढरी डबी बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. सुधाकाकूंनी देवासमोर निरांजन लावलं. त्याचा उपयोग होईल असं गुरुजींना वाटत नव्हतं, पण विझवावंसंही वाटेना. दहा चाळीसला तपासणी संपली. पान सहासष्ट टक्क्यांवरून पुन्हा सरकू लागलं. उरलेला वेळ एक तास दहा मिनिटं. म्हणजे अकरा पन्नास. आणि पिंडदान बाराला, रामकुंडावर. साडेअकराला घर सोडायलाच हवं होतं.

त्याच क्षणी जिन्यात काठीचा आवाज आला. नाशिकच्या द्वारका चौकात आज गर्दी नव्हती म्हणून रिक्षा लवकर पोचली होती. द्वारकेला गर्दी नसण्याचा हा योग गुरुजींच्या आयुष्यात पूर्वी कधी आलेला नव्हता.

सिंधुबाई नातसून निकिताचा हात धरून आत आल्या. लहानखुऱ्या, पांढरं नेसलेल्या, जाड भिंगांमागचे डोळे मोठे आणि ओलसर. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. सतरंजीवर बसल्या, पदर सावरला, आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून वाट बघू लागल्या. वही द्यायची असते ती हातात, हे त्यांना कुणीतरी लहानपणी सांगितलेलं असावं.

"आई, आधी चहा घ्या," गुरुजी म्हणाले.

"चहा मागाहून घेईन गुरुजी. तुम्ही एका मिनिटात म्हणाला होतात. रात्रभर गाडीत झोप नाही आली मला."

गुरुजींनी गोदामाहात्म्याला सुरुवात केली. गौतम ऋषींपाशी ते पोचेपर्यंत सिंधुबाईंनी दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा हळूच विचारलं, "माझं नाव लिहिलंय का हो त्यांनी? मी सोबत होते ना."

गुरुजी थांबले. पडद्यावर एकोणसत्तर टक्के होतं. बाहेर जिन्यात कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग अपूर्वाचा, मग रंगनाथाचा. दार लागलं.

खरं सांगायचं, तर चिंतामणगुरुजींना त्या वेळी यजमान जाण्याची भीती नव्हती. ती सकाळी होती. आता त्यांना त्या दोन उघड्या हातांकडं बघवत नव्हतं. आपण या म्हातारीला फसवलं, आणि का, तर चार फूट चालायला नको म्हणून, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं, की ते उठलेच. "आलोच," ते म्हणाले. सुधाकाकूंनी स्वयंपाकघरातून पाहिलं, आणि यजमानांना चहाबरोबर चिवडा द्यायला घेतला. तेवढीच पाच मिनिटं जास्त.

चार फूट. सहा वर्षांत ते इतके लांब झाले असतील असं वाटलं नव्हतं. दार वाजवण्यापूर्वी गुरुजींनी वाक्य जुळवलं. 'रंगनाथराव, यजमानांच्या सोयीकरिता एका पानाची आवश्यकता आहे.' 'विनंती' हा शब्द त्यांनी दोनदा घातला आणि दोनदा काढला.

दार रंगनाथांनीच उघडलं. अंगावर अजून ओलं उपरणं होतं. चिंतामणांनी तोंड उघडलं, पण रंगनाथच आधी बोलले.

"ये चिंतू. मीच येणार होतो. चार दिवस झाले, रोज दारापर्यंत येतो आणि परत जातो."

चिंतामणांनी जुळवलेलं वाक्य तसंच राहून गेलं.

"किती दिलंस रे," रंगनाथ म्हणाले. "रात्रंदिवस. पस्तीस जीबी. मी बसून बघत होतो. एक क्षण हात आखडला नाहीस. पाचव्या दिवशी माझ्याकडं शंभर टक्के झालं. मी अपूर्वाला म्हटलं, सहा वर्षं मी या माणसाला ओळखलंच नाही."

"मी दिलं?" चिंतामण म्हणाले.

"काका, हे बघा ना," अपूर्वानं लॅपटॉप वळवला. तिच्या पडद्यावर सगळे रकाने दिसत होते. एकच नाव होतं, आणि त्याच्यापुढं पस्तीस. "तुम्ही अपलोड शून्य ठेवलं होतं, असं शौनक आत्ताच म्हणाला फोनवर. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. हवं तेवढं न्या. असं कुणी ठेवत नाही हो सहसा."

चिंतामणगुरुजींनी भिंतीला हात टेकला. डोळ्यांपुढं तो आडवा पडलेला आठ आला. तो बंद पडला नव्हता. पाय पसरून बारा दिवस दोन्ही हातांनी वाटत बसला होता, आणि तेही रंगनाथाला. त्यांना संताप आला, लाज वाटली, आणि या सगळ्यांच्या खाली कुठंतरी, मान मिळाल्यावर माणसाला वाटतं तसं किंचित बरंही वाटलं. त्याची त्यांना आणखी लाज वाटली.

"मला एक पान कमी आहे," ते कसेबसे म्हणाले. "देवास. सात, दोनशे बारा. बाई येऊन बसल्यात."

"कमी आहे?" रंगनाथ गोंधळले. "मला वाटलं तुझ्याकडं सगळं असणार. एवढं देणाऱ्याकडं कमी कसं असेल?"

अपूर्वानं तोवर सेटिंग उघडलं होतं. "बाबा, आपलं अपलोड एकवर कुणी ठेवलं? एक केबी?"

रंगनाथगुरुजी उपरण्याचं टोक पिळू लागले. ते आधीच पिळलेलं होतं.

"ते नंतर," ते म्हणाले. "यजमानांना बोलव इकडं. नाही, थांब."

त्या 'थांब'मध्ये काय होतं, ते घाटावरच्या माणसालाच कळेल. सिंधुबाई उंबरा ओलांडून इकडं आल्या असत्या आणि पान इथं उघडलं असतं, तर देवासचं घराणं आजपासून या दाराचं झालं असतं. कुणी नावं ठेवली नसती. रीतच तशी आहे. चिंतामणही ते जाणून होते आणि तरीही बाईंना आणायला वळले होते. रंगनाथांनी त्यांना अडवलं. आत जाऊन ते लाल बासन घेऊन आले. वह्या गेल्यापासून ते रिकामंच घडी घालून ठेवलेलं होतं. त्यांनी पान उघडून लॅपटॉप मिटला, बासनात गुंडाळला, दोन्ही हातांवर घेतला, आणि अनवाणी चार फूट चालून चिंतामणांच्या घरात आले.

"हे आमचे बंधू," चिंतामण सिंधुबाईंना म्हणाले. 'थोरले' हा शब्द त्यांनी उच्चारला की नाही, याबद्दल सुधाकाकूंची आणि अपूर्वाची साक्ष वेगवेगळी आहे.

रंगनाथांनी बासन चिंतामणांपुढं ठेवलं. "गुरुजी, उघडा."

कागदावरचं अक्षर सिंधुबाईंना दिसलं नसतं. पडद्यावर अपूर्वानं ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की एकेक अक्षर वितीएवढं झालं. बाळबोध वळणाचं, जरा उजवीकडं कललेलं. चिंतामणगुरुजींनी वाचून दाखवलं. "यादव सहादू मोरे, मुक्काम देवास. सोबत पत्नी नवसाबाई. कन्या सिंधू, वय वर्षे चार. वाटेत मुलीस ताप भरला होता. इथं येऊन उतरला. मुलगी आता हसते खेळते आहे."

सिंधुबाईंनी पडद्याला बोट लावलं, आणि 'हसते' या शब्दावरून ते हळूहळू फिरवलं. "मला कुणी सांगितलंच नव्हतं," त्या निकिताला म्हणाल्या. "त्यांनी लिहून ठेवलंय बघ." अकरा वीस झाले होते. कुणालाही घड्याळाची आठवण नव्हती, ती सुधाकाकूंनी करून दिली.

पिंडदान वेळेवर झालं. दोन ब्राह्मण जेवायला हवेत, आणि दुसरा शोधायला कुठं लांब जायचं नव्हतं. सहा वर्षांनी दोघे चिंतामणांच्या घरी एका पंगतीला बसले. सिंधुबाईंनी दोघांपुढं दक्षिणेचं पाकीट ठेवलं आणि प्रत्येकावर एक रुपयाचं नाणं. मग त्या निघाल्या. जिन्यात वळून त्यांनी दोन्ही दारांना हात जोडले.

मागं ताक उरलं होतं, आणि चिंतामणगुरुजींचं एक सांगणं. सकाळपासून रंगनाथ त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती त्यांना सोसेना. रामकुंडावर तर त्यांनी आणखी चार जणांना पस्तीस जीबीची कथा सांगितली होती. सुधाकाकू ताक वाढता वाढता नवऱ्याकडं बघत होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या, हेच जास्त अवघड होतं.

"रंगा, तो शून्य मी बंद करायला टाकला होता," चिंतामण म्हणाले. "तुला एक अक्षर मिळू नये म्हणून. मला काय माहीत त्याचा अर्थ काय होतो."

रंगनाथांनी वाटी खाली ठेवली. अपूर्वा जेवायची थांबली. मग रंगनाथांनी पाकिटावरचं नाणं उचललं आणि बोटांत फिरवलं.

"निवृत्ती माझ्याकडंही आला होता," ते म्हणाले. "मलाही शून्यच टाक म्हणाला. मी टाकणारही होतो. पण हात होईना. कितीही झालं तरी भावाला द्यायचं, आणि शून्य कसा टाकायचा? अशुभ दिसतं. आपण देणं शून्यावर सोडत नाही. म्हणून शकुनाचा एक टाकला."

सुधाकाकूंना हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबायचा प्रयत्न केला, पण अपूर्वानं पाहिलं, आणि मग कुणाचंच थांबेना. चिंतामणगुरुजींना ताकाचा ठसका लागला, आणि रंगनाथांनी उठून त्यांच्या पाठीवर थोपटलं, जरा जोरातच.

हात धुऊन दोघे कॉम्प्युटरपाशी आले. लॅपटॉप अजून बासनावरच होता. अपूर्वानं चौकट उघडून दिली. चिंतामणांच्या पडद्यावर उरलेला वेळ अजूनही एक वर्षाच्या वर होता.

रंगनाथांनी एक पुसला आणि बोट शून्यावर नेऊन थांबले. "मनाला बरं वाटत नाही रे चिंतू. शुभ कामाला शून्य."

"टाक," चिंतामणगुरुजी म्हणाले. "आणि बघत राहा. तो आपोआप आडवा होतो."